आधी लगीन छपराचं, मग विमानाचं

कोकणात विमानांचं संग्रहालय काढायचं ठरलं की पहिली धावपळ विमान मिळवण्याची होते. पत्रं जातात, ओळखी निघतात, कुणाचा तरी मेहुणा नौदलात असतो. एक दिवस खरंच ट्रेलरवरून विमान येतं, नारळ फुटतो, फोटो निघतात. तीन पावसाळे गेल्यावर त्याच विमानाच्या पंखाखाली हात फिरवा: बोटांना पांढरी पूड लागते आणि रिव्हेटच्या ओळीशेजारी पत्रा फुगलेला असतो. या सगळ्या कामात विमान मिळवणं हाच सोपा भाग.

स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या संग्रहालयाचा आवाका विमानांच्या संख्येवर मोजू नये. महिन्याला किती चौरस मीटर पत्रा धुऊन, पुसून, तपासून होतो, यावर मोजावा. म्हणूनच वाढ करायची असेल तर पहिला पैसा पहिल्या विमानाच्या छपराला लावावा. दुसऱ्या विमानाचं नंतर बघू. खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे.

मीठ नेमकं काय करतं

विमानाचा पत्रा बहुधा तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा असतो (2024 जातीचा), आणि जास्त ताण सोसणारे भाग जस्त मिसळलेल्या 7075 चे. दोन्ही मजबूत, पण शुद्ध ॲल्युमिनियमच्या मानाने गंजाला लवकर बळी पडणारे. म्हणून अनेक पत्र्यांवर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा असतो. विमान चकचकीत करायला बसलेला उत्साही माणूस नेमका तोच आधी घासून काढतो.

समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराइड असतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की ते आपोआप ओलं होतं. त्याच मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड मात्र 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. किनारपट्टीवर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे एकदा खार बसली की पत्रा जवळजवळ बाराही महिने ओलाच, भर एप्रिलच्या उन्हातसुद्धा.

"पावसात आपोआप धुऊन निघतं" हा समज सगळ्यात महागात पडतो. पाऊस वरचा पत्रा धुतो. पोटाखाली, चाकांच्या कप्प्यात, पंख आणि धडाच्या सांध्यात, फ्लॅपच्या (पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्टीच्या) आतल्या बाजूला पाऊस पोचत नाही, पण दमट खारी हवा पोचते. गंज तिथेच सुरू होतो. लाटून किंवा दाबून घडवलेल्या पट्ट्यांमध्ये तो धातूच्या कणांच्या फटींतून आडवा पसरतो आणि पत्र्याला खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात. रंग शाबूत दिसतो, पण नाण्याने हलकं ठोकलं तर टणटण आवाज येण्याऐवजी बद्द येतो. स्पारवर, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईवर, असा आवाज आला तर त्या पंखावर माणूस चढवणं त्याच दिवशी बंद करावं.

दुसरा शत्रू म्हणजे भिन्न धातूंची जोडी. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी बोल्ट, वर खारं पाणी: बॅटरी तयार, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. हरवलेल्या बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट ठोकायचा मोह होतोच. घालायचाच असेल तर 316 जातीच्या स्टेनलेसचा, आणि तोही पॉलिसल्फाइड सीलंटमध्ये माखून ओला बसवावा. तारेचा ब्रश आणि स्टील वूल आवारातच आणू नये. त्यांचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे प्रत्येक कणाभोवती खड्डा पडतो. पत्र्यावर खुणा पेन्सिलीने करू नयेत, कारण शिशातला कार्बनही ॲल्युमिनियमला खातो. ओला सिमेंट-चुना आणि तांब्याचं औषध मारलेलं लाकूड, दोन्ही पत्र्याला लागू देऊ नये. ठोकळा लावायचा तर मध्ये एचडीपीई प्लास्टिकची जाड शीट.

धुणं

धुण्याआधी हवेचा दाब घेऊन वेग आणि उंची दाखवणारी पिटो नळी आणि स्टॅटिकची भोकं झाकायची, आणि पोटाखालची पाणी निघायची भोकं मोकळी करायची. ती मातीच्या घरट्यांनी बुजतात. कुंभारीण माशीला ही भोकं फार आवडतात. मोकळी करायला झावळीचा हीर उत्तम. वाकतो, आत शिरतो, ओरखडा काढत नाही. भोक बुजलं की पंखात किंवा धडात पाणी साठून राहतं आणि गंज आतून बाहेर येतो, तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

साबण सौम्य, पीएच 7 च्या जवळचा. कपड्याची पावडर आणि भांड्याची खरखरीत पावडर नको. साबण खालून वर लावायचा, म्हणजे ओघळाचे डाग पडत नाहीत, आणि पाणी वरून खाली सोडायचं. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप बेअरिंग, सील आणि पत्र्यांच्या जोडावर मारू नये. तो खार काढत नाही, आत ढकलतो. पोट आणि चाकांचे कप्पे दोनदा. मग सुती कापडाने टिपून, सांध्यांत हवा मारून, बिजागऱ्यांवर आणि कप्प्यांत पाणी हटवणाऱ्या गंजरोधक तेलाचा पातळ थर द्यायचा. जाड थर दिला तर त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसते आणि तिचाच चिखल ओल धरून ठेवतो.

कॉकपिटच्या काचेला, म्हणजे ॲक्रिलिकला, आधी भरपूर पाणी आणि मग मऊ सुती कापड. रॉकेल, थिनर किंवा काचा पुसायचा अमोनियाचा स्प्रे लागला तर बारीक तडांचं जाळं उठतं आणि ते परत जात नाही.

आता पाणी कुठलं? खाडीजवळच्या बोअरचं किंवा विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतो. त्यावर आकडा 150 च्या आत असेल तर खुशाल वापरावं. 500 च्या वर असेल तर मीठ काढून मीठ लावणं होईल. यावर उपाय कोकणात डोक्यावरच पडतो. किरणसारख्या छोट्या जेटचा वरचा-खालचा पत्रा ढोबळमानाने 80 ते 90 चौरस मीटर भरतो आणि एका धुण्याला साधारण 600 लिटर पाणी लागतं. ऑक्टोबर ते मे दर पंधरवड्याला एक याप्रमाणे 16 धुणी, म्हणजे 9,600 लिटर. दहा हजार लिटरच्या एका टाकीत वर्ष निघतं. 225 चौरस मीटर छपरावर 3,000 मिलिमीटर पाऊस पडला तर पावणेसात लाख लिटर पाणी येतं, तेव्हा टाकी भरण्याची काळजी नको. फक्त पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात उन्हाळाभराची खार असते.

तासांचा हिशोब

एक विमान उघड्यावर आहे असं धरू. एका धुण्याला चार माणसं, तीन तास: 12 तास. वर्षाची 16 धुणी म्हणजे 192. महिन्याची तपासणी दोन माणसांची दोन तासांची, वर्षाला 48. मे महिन्यातली पावसाळी बांधाबांध आणखी 48. वर्षातले 40 रविवार दोन माणसं सहा तास दार उघडून बसली, तर 480. झाले 768 तास. आणि यात दुरुस्तीचा एक स्क्रूही फिरलेला नाही. नियमित येणारा माणूस महिन्याला आठ तास देतो असं धरलं, तर वर्षाला 96. म्हणजे नुसतं जिथे आहे तिथे राहायला आठ माणसं हवीत. व्हॉट्सॲप ग्रुपवरची आठ नव्हेत, हातात बादली घेणारी आठ.

छप्पर झालं की धुणी 16 वरून चारवर येतात आणि 144 तास मोकळे होतात. बांधाबांधीचे तासही निम्मे होतात. उघड्यावर असताना दुसरं विमान आणलं, तर धुणं आणि तपासणी दुप्पट होते, माणसं मात्र तीच राहतात, आणि दोन वर्षांत दोन्ही विमानं खराब होतात.

छप्पर कसं

किरणचा पंखविस्तार 10.7 मीटर आणि लांबी 10.6. चारी बाजूंनी शिडी आणि माणूस फिरायला दोन मीटर हवेत, म्हणून 15 बाय 15 मीटरचा चौक. दार किमान 12 मीटर रुंद आणि 4.5 मीटर उंच, पूर्वेला किंवा ईशान्येला. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद, कारण नैऋत्येचा पाऊस आडवा येतो. बाकीच्या बाजूंना चार फूट चिऱ्याची भिंत आणि वर झडपा. सांगाडा गरम जस्तात बुडवलेल्या लोखंडाचा. नुसता रेड ऑक्साइड मारलेला सांगाडा काही वर्षांतच विमानावर गंजाचे थेंब गाळू लागतो.

पूर्ण बंद पत्र्याची शेड हे दुसरं टोक. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री छपराचा पत्रा हवेपेक्षा थंड होतो, आतली वाफ त्यावर खालून साकळते आणि पहाटे टपटप विमानावर पडते. पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर आणि माथ्यावर हवा जायला वाट, दोन्ही हवं. जमीन आजूबाजूपेक्षा दीड-दोन फूट उंच, काँक्रीटखाली प्लास्टिकचा कागद, वर धूळ न सुटणारा लेप. पन्हळीचा हिशोब कोकणाचा असावा: तासाला 100 मिलिमीटरची सर 225 चौरस मीटरवर आली तर सेकंदाला सव्वासहा लिटर पाणी खाली यायला बघतं. चार कोपऱ्यांत चार 110 मिलिमीटरचे पाइप ठेवावेत आणि तोंडाशी पालापाचोळा अडवणारी जाळी.

जागा समुद्रापासून जितकी आत तितकी बरी. तुषारांतलं मीठ पहिल्या काहीशे मीटरमध्येच झपाट्याने उतरतं. पुळणीलगतची जागा फोटोला छान दिसते. सड्यावरची जागा मिठाच्या दृष्टीने चांगली, पण तिथे वारा आणि वीज दोन्ही मोकाट, तेव्हा वीजरोधक आधी. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत सीआरझेड, म्हणजे किनारी क्षेत्राचे बांधकामाचे नियम, बघावेच लागतात, आणि ग्रामीण किनाऱ्यावर 200 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असू शकते. सातबारा हातात आल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

छप्पर व्हायचंय आणि विमान आलंच, तर

वादळाचं गणित करावं. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तौक्ते मे 2021 मध्ये किनाऱ्याला घासून गेलं, फयान नोव्हेंबर 2009 मध्ये. म्हणजे नेहमीच्या पावसाळ्याच्या दोन्ही कडांना धोका. बांधाबांध 10 मेपर्यंत पुरी हवी, "जून लागला की करू" चालत नाही.

ताशी 120 किलोमीटर वाऱ्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरला साधारण 69 किलो पडतो. किरणच्या पंखाचं क्षेत्र 19 चौरस मीटर, म्हणजे वारा नेमक्या कोनात शिरला तर सुमारे 1,300 किलोचं उचल बळ. विमानाचं रिकामं वजन 2,560 किलो. इंजिन, सीट आणि यंत्रं काढलेली असतील तर बरंच कमी. दुप्पट सुरक्षितता धरून प्रत्येक पंखाखाली 1,300 किलोचा नांगर हवा. 90 बाय 90 बाय 70 सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा तेवढा भरतो. शेपटीला तिसरा. जस्त चढवलेली साखळी आणि ती आवळायला टर्नबकल वापरावं. नायलॉनचा दोर ओला झाला की ताणतो आणि उन्हाने कुजतो. साखळी विमानाच्या ठरलेल्या बांधायच्या कड्यांनाच. पंखावर लांबीभर एक फळी फेल्टवर बांधली तर हवेचा प्रवाह तुटून उचल मोडते. वाळूची पोती ठेवू नयेत, ती महिनाभर ओल धरतात. पंख आणि शेपटीचे हलते भाग, म्हणजे एलेरॉन, रडर आणि एलिव्हेटर, बाहेरून लाकडी चापांनी जखडावेत, नाहीतर फडफडून बिजागऱ्या तुटतात.

निळी ताडपत्री कधीच नाही. खाली घाम धरते आणि वाऱ्यात आपटून रंग खरवडते. कॉकपिटवर पांढऱ्या, श्वास घेणाऱ्या कापडाचं आवरण पुरे.

वजन टायरवर ठेवू नये. जॅकच्या ठरलेल्या जागांखाली स्टँड, आणि चाकावरच्या शॉक स्ट्रटच्या (धक्का सोसणाऱ्या नळीच्या) चकचकीत दांड्याभोवती दोन अर्ध्यांचा कॉलर, म्हणजे गॅस गळला तरी विमान एका बाजूला बसत नाही.

घाट, कमानी आणि बोल्ट

सेवेतून काढलेली विमानं मागणी आल्यावर संस्थांना प्रदर्शनासाठी दिली जातात. सुटी करणं, आणणं आणि जोडणं हा खर्च बहुधा घेणाऱ्याचा. मिग-21 ला 26 सप्टेंबर 2025 ला निरोप दिल्यापासून सगळ्यांना तेच हवंय. हरकत नाही, त्याचा पंखविस्तार 7.15 मीटरच आहे आणि धडाचा मागचा भाग इंजिन काढण्यासाठी मुळातच सुटा होतो, त्यामुळे रस्त्याला सोयीचं. पण पहिल्यांदाच करणाऱ्यांनी चेतक हेलिकॉप्टर मागावं, असं माझं मत. रिकामं वजन जेमतेम 1,150 किलो, पाती काढली की एका ट्रकवर मावतं, आणि पुरात हेलिकॉप्टर काय करतं हे 22 जुलै 2021 नंतर चिपळूणकरांना वेगळं सांगावं लागत नाही.

पंख काढताना बोल्ट निघत नाही याचं कारण बहुतेक वेळा गंज नसतं. पंखाचं वजन बोल्टवर लोंबत असतं. हायड्रा क्रेनने पट्ट्यात पंख धरून मिलिमीटर-मिलिमीटर वर-खाली करावा. वजन उतरलं की बोल्ट हाताने फिरतो. आधी तीन दिवस झिरपणारं तेल सोडून ठेवावं. गॅसचा टॉर्च लावू नये, कारण 7075 तापलं की त्याचा कस जातो. ठोकायचंच तर पितळी दांड्याने. प्रत्येक बोल्टची पिशवी वेगळी, जागेचा फोटो, धातूची चकती. वायरी कापायच्या नाहीत, प्लग सोडवायचे आणि दोन्ही बाजूंना एकच आकडा बांधायचा. मुख्य चाकं पंखात असलेल्या विमानांत पंख निघाला की धड जमिनीवरच येतं, तेव्हा धड टेकवायचा पाळणा आधी तयार हवा, आणि त्याचे आधार आतल्या फ्रेमच्या रेषेवर, नुसत्या पत्र्यावर नव्हे.

रस्त्याची पाहणी जीपला बांबू बांधून करावी: लादलेल्या मालाची उंची अधिक 30 सेंटिमीटर. घाटातल्या वळणापेक्षा गावच्या स्वागत कमानी, रेल्वे फाटकावरचा हाइट गेज आणि ऐनवेळी खाली आलेल्या सर्व्हिस वायरी जास्त अडवतात. लांब ट्रेलर आंबा घाटाच्या वळणांत मागून आत कापतो, म्हणून शक्य तर दोन छोटे ट्रक. आणि प्रवास डिसेंबर ते मार्च या काळातच.

हात लावण्याआधी

वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमध्ये आणि काही विमानांच्या कॅनोपीत (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणात) स्फोटकं असतात. इंजिनाजवळच्या आग विझवणाऱ्या बाटलीवरही छोटं काडतूस असतं, ते हमखास विसरलं जातं. देणाऱ्या दलाच्या प्रशिक्षित माणसाने निर्धोक केल्याचा कागद हातात येईपर्यंत कॉकपिटला कुलूप. "सुरक्षेच्या लाल पिना लावल्यात" एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

जुन्या चमकणाऱ्या डायलांवर रेडियमचा रंग असू शकतो. चमक गेली म्हणजे धोका गेला असं नाही: झिजतं ते जस्ताचं संयुग, रेडियम-226 चं अर्धायुष्य 1,600 वर्षांचं आहे. असे डायल उघडायचे नाहीत, फुटलेले हाताळायचे नाहीत, बंद खोलीत ढीग करायचा नाही, कारण रेडियममधून निघणारा किरणोत्सारी रेडॉन वायू साठतो. आधी तज्ज्ञाकडून मोजून घ्यावेत.

पिवळट-हिरवा प्रायमर क्रोमेटचा, कॅन्सर करणारा. कोरडा कधी घासू नये, ओला घासावा आणि चांगला मास्क लावावा. ब्रेकच्या पॅडमध्ये आणि इंजिनाभोवतीच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं. चाकं आणि हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सची आवरणं बरेचदा मॅग्नेशियमची. ग्राइंडरच्या ठिणगीने पेटली तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू. हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या बाटलीत, वर्षानुवर्षं नायट्रोजनचा दाब टिकून असतो. रिकाम्या टाकीतली केरोसीनची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक, म्हणून विमानाजवळ वेल्डिंग नाही.

रंग

कोकणात रंगाची वेळ फार थोडी असते. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत दव, दुपारी बारा-एकनंतर खारे वारे. मधले अडीच-तीन तास आपले. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली असेल तरच ब्रश उचलावा. संध्याकाळी धुऊन दुसऱ्या दिवशी सकाळी रंगवावं. मध्ये एक दुपार गेली तरी मीठ परत बसतं, रंग त्याच्यावर चढतो आणि वर्षाच्या आत फोड येतात. झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेन.

मूळचा रंग सरसकट खरवडू नये. सूचना, क्रमांक, चिन्हं आधी पारदर्शक फिल्मवर गिरवून, शेजारी मापपट्टी ठेवून फोटो घ्यावेत. फायबरचं नाक तडकलं असेल तर खाडीवरच्या फायबर होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाइतका हात कुणाचा बसत नाही. रेझिन त्याचंच वापरावं, रंग मात्र आपला.

माणसं आणि महिने

मृगापासून भातलावणी होईपर्यंत कुणी येत नाही, आणि येऊही नये. एप्रिल-मेमध्ये आंबा-काजू. गणपतीत आणि शिमग्यात गाव गावात नसतं, देवळात असतं. हे धरूनच वर्ष आखावं. बाहेरची जड कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये चाकरमानी आठवडाभर येतात, त्यातल्या 10 तारखेआधी येणाऱ्यांना बांधाबांधीला घ्यावं. दोन दिवस येणाऱ्याच्या हाती रिंच देऊ नये, बादली, कापड आणि कॅमेरा द्यावा. जून ते सप्टेंबर आत बसून कागद, नोंदी, डायल साफ करणं, पाट्या लिहिणं.

एकट्या माणसाने शिडीवर किंवा जॅकशी काम करायचं नाही, हा नियम निवृत्त नौसैनिकालाही लागू. त्यांचं ज्ञान सोन्यासारखं असतं, पण त्यांना कार्यशाळेची सवय असते, आणि इथे बदली भाग मागवायला स्टोअर नसतं. त्यांच्या शेजारी आयटीआयचा एक पोरगा वही घेऊन उभा करावा.

पाहुणेही येतात. साळुंकी इंजिनाच्या तोंडात घरटं करते, म्हणून 12 मिलिमीटरची जाळी. उंदीर वायरींची कातडी खातात, उंदरामागे साप येतो; चाकाच्या कप्प्यात हात घालण्याआधी टॉर्च.

कागद

संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवली असेल तर विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत बदल अर्ज जायला हवा. तो राहून जातो आणि नेमका देणगीच्या वेळी आडवा येतो. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावं.

प्रत्येक वस्तू आल्याच्या दिवशी दाखल नोंदवहीत: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, त्यातली कितवी वस्तू. 2025.3.1 असा आकडा. देणगी की उसनवारी, हे सहीसकट. आकडा थेट वस्तूवर लिहायचा नाही. आधी पॅरालॉइड बी-72 या पुसून काढता येणाऱ्या पारदर्शक रेझिनचा लेप, त्यावर शाई, वर परत लेप. लॉगबुकं ठेवलेल्या खोलीत आर्द्रता 50-55 टक्के ठेवायचा प्रयत्न करावा. पावसाळ्यात वीज जाणार, म्हणून ओलावा शोषणाऱ्या यंत्राच्या जोडीला सिलिका जेलचे डबे.

पाट्या लिहिताना दावा आणि पुरावा वेगळे ठेवावेत. शिवकर बापूजी तळपदेंनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट प्रत्येक दुसरा पाहुणा सांगणारच. ती "दावा" म्हणून लावावी, सोबत 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली यानं उडू शकत नाहीत हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा 1974 चा निष्कर्ष लावावा, आणि वाद घालायला एक बाक ठेवावा. शेजारी जे.आर.डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ती नोंद, आणि 18 डिसेंबर 1961 ला गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी केलेला हल्ला. गोव्याला नौदलाचं विमान संग्रहालय 1998 पासून आहे; समुद्राजवळ उघड्यावर उभं असलेलं मोठं विमान कसं दिसतं हे बघायला एक चक्कर मारावीच, आणि बघताना पोटाखाली वाकावं.

दुसरं विमान

पहिलं छपराखाली, वर्षभराचे धुण्या-तपासणीचे रकाने भरलेले, आणि दुसऱ्याच्या छपराचा पैसा खात्यात. तिन्ही असेल तरच हो म्हणावं. नसेल तर पूर्ण विमान नाकारून नाक मागावं, म्हणजे कॉकपिटपर्यंतचा पुढचा तुकडा. तीन-साडेतीन मीटरचा, शाळेच्या एका वर्गात मावणारा, आणि मुलांना बसायचं असतं ते इथेच. पंखाची मागची कड कपाळावर बसायची भीती नाही. एका वेळी आत एक, शिडीवर एक, कॅनोपीला गॅस स्ट्रटवर न विसंबता लोखंडी टेकू, सीट आधीच निर्धोक केलेली. पॅनलचे मूळ दिवे 28 व्होल्टचे असतात. ते 24 व्होल्टच्या पुरवठ्यावर फ्यूज घालून चालवले तर किंचित मंद पेटतात आणि कितीतरी जास्त टिकतात. बटण दाबल्यावर ते 90 सेकंदांनी आपोआप विझतील असा टायमर लावावा.